तोरण लावलेलं बाथरूम

माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पाण्याचा थेंब पीत नव्हती, आणि मला ते कळलं ती विज्ञानाच्या तासाला पोट धरून बाकावर वाकली तेव्हा. वर्गशिक्षिका म्हणे मी! टॅक्सीत घालून तिला दवाखान्यात नेलं. लघवी तुंबवून तुंबवून इन्फेक्शन झालंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परत येताना मी तिच्यावर खेकसले, "अगं, शाळेत बाथरूम नाहीत का?"

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आहेत ना बाई. पण मी कुठल्यात जाऊ?"

खेकसणं माझ्या अंगातच आहे. जरा तापले की शिट्टी वाजलीच. लालबागच्या आमच्या शाळेत पोरं मला मागून कुकर म्हणतात, मला ठाऊक आहे.

पहिलीत ती मुलगा म्हणून आली होती. पुढे केस वाढवले, आणि नववीत तिच्या आईने हेडसरांसमोर ठाण मांडून तिच्यासाठी मुलींचा गणवेश मिळवला. पण शाळेची मजल तिथेच संपली. मुलांच्या बाथरूमात पोरं बाहेरून दार बडवायची, नको ते बोलायची. मुलींच्यात पाऊल टाकलं असतं तर दुसऱ्या दिवशी पालक दारात. म्हणून हिने पाणीच सोडलं. पोर माझ्या डोळ्यांदेखत सुकत चालली होती आणि मी तिला "जागरणं कमी कर, चेहरा कसा झालाय बघ" म्हणून टोकत होते.

पालकसभेत तिला मुलींचं बाथरूम वापरू द्यावं, असं मी सुचवलं आणि नुसता गलका झाला. वर्गातल्याच एका मुलीची आई तावातावाने उठली. "आमच्या मुली वयात आल्यात, बाई. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

"झालंय ते तिलाच झालंय!" मी इतक्या जोरात ओरडले की पंख्याखाली डुलक्या काढणारे एक आजोबा दचकून उठले. राग आला होता, पण त्या बाईची काळजी खोटी नव्हती, हेही मला दिसत होतं. शेवटी हेडसरांनी मधला मार्ग काढला. तळमजल्यावर लेझीम ठेवतो त्या खोलीला लागून एक जुनं बंद बाथरूम होतं, ते दुरुस्त करून तिला द्यायचं. मीही मान डोलावली.

आता आमच्याकडे माजी विद्यार्थी म्हणजे गणपती मंडळाची पोरं. त्यांतला एक प्लंबर, एक लादीवाला. "टेन्शन नका घेऊ बाई, एकदम कडक करून देतो," म्हणाले, आणि खरंच दिलं. पांढऱ्याशुभ्र लाद्या, आरसा, नळाला धो धो पाणी, दाराला भक्कम कडी. दारावर पाटी काय लावायची यावर मात्र कुणाचंच एकमत होईना, तेव्हा पाटी राहूनच गेली.

पण मंडळाची पोरं ती. सोमवारी प्रार्थनेला येते तर काय, बाथरूमच्या दाराला झेंडूचं तोरण! पुढ्यात रांगोळी, लाल फीत, कोपऱ्यात स्पीकर. हेडसर हातात नारळ घेऊन उभे. मी दातओठ खात म्हटलं, "सर, हे काय?" तर म्हणतात, "चांगलं काम झालंय बाई, नारळ नको वाढवायला?" आणि मी पुढे काही बोलायच्या आत माइकवरून जाहीर, "जिच्यासाठी हे केलं, तिच्याच हस्ते!"

अख्खी शाळा पटांगणात. ती पुढे आली. हेडसरांनी तिच्या हातात कात्री दिली. तिने फीत कापली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून वाजवल्या. मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तो आठवडाभर आली नाही. पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली, आणि माझ्या जिवाला घोर. पोरीने शाळाच सोडली तर?

शुक्रवारी मधल्या सुट्टीत खाली आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर नव्या बाथरूमसमोर मुलींची ही रांग, आणि शाळेच्या मावशी त्यांना हाकलतायत, "ते तुमचं नाय गं!" रांगेत सगळ्यात पुढे कोण, तर सभेत भांडलेल्या त्या बाईंची लेक.

"वरच्याला कडी नाही, पाणी नाही, नुसता वास," ती मला म्हणाली. "आणि बाई, इथे कुठे लिहिलंय कुणाचं आहे ते?" मी तिला झापणार, तेवढ्यात तिचा आवाज खाली आला. "ती कधी येणारेय? आम्ही वापरलं तर तिला राग येईल का? विचाराल?"

विचारायला मी संध्याकाळी तिच्या चाळीत गेले. आई मसाला कुटायच्या डंकावर कामाला, नुकतीच घरी आलेली, पदराला मिरचीचा खकाणा. मला चहा देत ती म्हणाली, "बाई, तुमी चांगल्याच मनान केल्यात, माका म्हायत आसा. पण नारळ कित्याक फोडलात? तां काय देऊळ होतां?"

मुलगी कॉटच्या कडेला बसली होती. "मला वेगळं नको होतं बाई," ती म्हणाली. "कोणी बघू नये, एवढंच पाहिजे होतं."

"ते आता तुझं राहिलेलं नाही गं," मी म्हटलं. "दहावीच्या सगळ्या भवान्यांनी बळकावलंय. तू रागावशील का, विचारतायत."

तिने मान वर केली. "कोण कोण?"

मी नावं घेत गेले. त्या भांडकुदळ बाईंच्या लेकीचं नाव आलं तशी ती ताठ बसली. "ती पण?"

"ती तर सगळ्यांत पुढे!"

सोमवारी ती आली. त्या भांडकुदळ आईसाहेबही आल्या शाळेत, रांग बघितली, लेकीला "कडी नीट लाव" एवढं बजावलं आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. नाही बघितलं तर नाही.

मधली सुट्टी संपून माझा तास सुरू झाला, धडा अर्धा झाला, तरी तिचा बाक रिकामाच. माझा कुकर तापायला लागला. तेवढ्यात दारात उभी, ओले हात ओढणीला पुसत.

"कुठे होतीस? घड्याळ बघितलंस?"

"सॉरी बाई," ती म्हणाली. "लाइन होती."

"मग लवकर जायचं ना!" मी सगळ्या वर्गासमोर खच्चून ओरडले, आणि डोळे पुसायला फळ्याकडे तोंड फिरवलं.