बाणासमोर बाण

कुठलीही वस्तू समोर आली की चाचा आधी डावा डोळा मिटायचे. भिंतीवरचं कॅलेंडर, माझं टेबल, शेठचा भांग, सगळं त्यांनी एका डोळ्याने तपासलेलं होतं. "ताई, टेबल इकडून उतरतंय," म्हणायचे आणि पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. तो आला की आपण नकळत सरळ बसतो.

नाशिकला मुंबई नाक्याच्या मागे शेठचं गॅरेज होतं. मी स्टोअर सांभाळायचे: सुट्या भागांच्या याद्या, कामाची कार्डं, किल्ल्या. चाचा आमचे मेकॅनिक, जुन्या नाशकातले. देवळालीला लष्करी गाड्या दुरुस्त करण्यात आयुष्य काढून निवृत्तीनंतर आमच्याकडे आलेले. त्यांच्यासमोर एक शब्द मात्र उच्चारायची सोय नव्हती: चालेल.

"चालते तर हातगाडीपण," ते म्हणायचे. "काम बसलं पाहिजे."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराने लिलावात जुना लष्करी ट्रक घेतला. माझ्यापेक्षा वयाने मोठा. दसऱ्याला त्याची पूजा करायची, घरच्या मंडळींना त्यात बसवून बागेपर्यंत न्यायचं, असा त्यांचा बेत. चार महिने खपून चाचांनी इंजिन, ब्रेक, गिअर सगळं जिवंत केलं. राहिला प्रोपेलर, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लांब दांडा. त्याचे दोन तुकडे असतात. एक दुसऱ्यात दात्यांवर सरकतो, आणि दोन्ही टोकांच्या कपलिंगचे काटे एका रेषेत यावे लागतात. ती रेष चुकू नये म्हणून दोन्ही तुकड्यांवर एकेक बाण कोरलेला असतो. बाणासमोर बाण आणायचा आणि दांडा आत सरकवायचा.

आता माझी चूक सांगते. माझ्या यादीत लिहिलं होतं, 'सर्व भाग घासून रंगवून घेणे.' मी यादी पाळते आणि पाळायला लावते. दोन्ही तुकडे घासायला गेले, आरशासारखे होऊन आले, वर हिरवा रंग चढला. बाण साफ गेले. नेमके चाचा भाचीच्या लग्नाला येवल्याला होते. शेठने घाईने दुसऱ्या दोघांकडून दांडा बसवून घेतला.

चाचा परतले ते खंडेनवमीला. सकाळीच हत्यारांची पूजा झाली होती. फळीवर पाने, हातोड्या, पकडी ओळीने मांडलेल्या, वर हळदकुंकू, झेंडू. दरवर्षी आदल्या दिवशी रॉकेलने ती हत्यारं चाचाच पुसून ठेवत. त्या वर्षी ते काम मी केलं होतं, आणि दोन पाने उलटे ठेवले म्हणून आल्याआल्या ऐकूनही घेतलं होतं.

मग त्यांनी ट्रक म्हसरूळपर्यंत फिरवून आणला. थरथर कळावी म्हणून स्टीलचा पेला पाण्याने भरून पायाशी ठेवला होता. चाळिसाच्या वेगाला पाणी उडून त्यांच्या पायजम्यावर आलं.

"प्रोपेलर उतरवतो," ते शेठला म्हणाले.

"चाचा, उद्या दसरा. मालक सकाळी हार घेऊन येतील. त्यांना काय शर्यत लावायचीय? चालेल."

गॅरेजातल्या सगळ्यांच्या माना चाचांकडे वळल्या.

"शेठ, काटे एक दात फिरलेत. आज थरथर आहे, उद्या जॉइंट तुटेल. दांडा पुढून सुटून रस्त्यात रुतला ना, तर ट्रक उलटेल. आत लेकरं बसणार आहेत."

"हत्यारं पूजलीत. आज कुणी हात लावायचा नाही."

"पूजा म्हणजे हत्याराची इज्जत, शेठ. सुट्टी नव्हे."

शेठचा पारा चढला. "दांडा काढलात, तर उद्यापासून यायचं नाही!"

चाचांनी डावा डोळा मिटला. शेठकडे नखशिखान्त पाहिलं, किती दात फिरलाय ते मोजल्यासारखं. मग बाह्या वर केल्या आणि ट्रकखाली सरकले. बाहेर फक्त पावलं दिसत होती. थोड्या वेळाने चाकाशेजारून एक हात बाहेर आला, तळवा वर.

"ताई, सतरा नंबर."

मी फळीवरचा सतरा नंबरचा पाना उचलला आणि कुंकवासकट त्या तळव्यावर ठेवला.

"बाई, ट्रकची किल्ली द्या इकडे," शेठ माझ्यावर उखडले.

"यादीत एक टिक बाकी आहे," मी म्हटलं आणि किल्ल्यांच्या ड्रॉवरला कुलूप घातलं. "आणि बाण माझ्या यादीपायी गेलेत. येऊ नका म्हणायचं तर मलाही म्हणा."

शेठ पाय आपटत निघून गेले.

दांडा फरशीवर आला. चाचांनी दोन्ही काट्यांवर हॅकसॉचं एकेक पातं आडवं ठेवलं आणि उकिडवं बसून एका डोळ्याने पाहिलं. मलाही पाहायला लावलं. मागचं पातं पुढच्यामागून तिरकं डोकावत होतं. त्यांनी तुकडे सोडवले, एक दात फिरवला, परत सरकवले. दोन पाती, एक रेघ. मग छिन्नी घेऊन दोन्ही तुकड्यांवर नवे बाण कोरले, चांगले खोल.

"आता घासा," ते म्हणाले, "किती घासायचं ते."

एवढंच. त्या चुकीबद्दल याहून जास्त ते मला कधीच बोलले नाहीत.

ऊन उतरायच्या आत आम्ही पुन्हा म्हसरूळच्या रस्त्याला होतो. मी शेजारी, पेला पायाशी, काठोकाठ भरलेला. चाळीस झाले, पन्नास झाले. पाण्यावर बारीक सुरकुत्या तेवढ्या, थेंबही सांडला नाही. चाचांनी ट्रक बाजूला घेतला, पेला उचलला आणि ते पाणी पिऊन टाकलं.

"बसलं."

परतल्यावर त्यांनी पाना पुसून फळीवर त्याच्या जागी ठेवला, वर झेंडू सरळ केला आणि घरी गेले. मी यादीत टिक केली. सकाळी मालक ट्रक घेऊन गेले, मागे पोरं ओरडत बसलेली. चाचा आले नव्हते.

शेठने दोनदा निरोप धाडला. तिसऱ्यांदा स्वतः त्यांच्या घरी गेले आणि एकटेच परत आले. माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, शेठ, तुम्ही बोललात ते बसलं."

चाचा वारून आता काही वर्षं झाली. गॅरेजच्या जागी दुकानं आहेत. मध्यंतरी मी दिंडोरीला एका लग्नाला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्या बागेवर गेले. आता तिथे वाइनरी आहे. ट्रक फाटकापाशी उभा असतो आणि लोक त्याला टेकून फोटो काढतात.

मी जरीच्या साडीत खाली वाकले. एक हात जमिनीवर टेकून आत डोकावले.

"मॅडम, काही पडलं का?" वॉचमनने विचारलं.

धुळीखाली दोन बाण दिसत होते, टोकाला टोक लावून. मी डावा डोळा मिटला.

"नाही हो," मी म्हटलं. "बसलंय."