सांबराची राखण

सिंगापुरात नंदा रामटेके हिला ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारणारा एकच माणूस होता. त्याचं नाव ओस्मान. तिच्याच प्रयोगशाळेत तो फिल्ड असिस्टंट होता, वय त्रेसष्ट. सगळे त्याला पाक ओस्मान म्हणत. आपल्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात, तसं मलाय भाषेत पाक.

नंदा डॉक्टर होती ते खरं, पण जनावरांची. नागपूरच्या व्हेटरनरी कॉलेजातून पदवी घेऊन तिने दोन वर्षं पवनीच्या दवाखान्यात काढली होती. अडलेल्या म्हशी सोडवताना खांद्यापर्यंत हात भरवले होते. मग उज्ज्वलशी लग्न झालं, त्याला चांगी बिझनेस पार्कात नोकरी लागली आणि ती त्याच्यामागोमाग वुडलँड्सच्या अकराव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली. इथे तिला प्रॅक्टिस करता येईना. एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत रिसर्च असिस्टंटची जागा मिळाली, तीही वर्षाच्या करारावर. तो करार सात वेळा वाढला. दर ऑगस्टमध्ये, नवा करार हाती पडेपर्यंत, तिला धड जेवण जात नसे. गावी तिचे वडील बाबूराव, निवृत्त शिक्षक, भेटेल त्याला सांगायचे की आमची नंदा सिंगापूरला शास्त्रज्ञ आहे. ती ते खोडून काढत नसे. खोडण्याइतकं त्राण रविवारी सकाळच्या फोनवर उरत नव्हतं.

२००७च्या ऑगस्टमधलाच एक शुक्रवार. दुपारी साडेचारला प्रयोगशाळेच्या प्रमुख प्राध्यापकांचा फोन आला. मंडाईच्या जंगलाकडच्या रस्त्यावर एका लॉरीने सांबराच्या मादीला उडवलं होतं. मादी तशीच जंगलात घुसली आणि रस्त्यापासून बरीच आत, ओढ्याकाठी जाऊन मेली. परवानगी फोनवर मिळाली होती, पण जनावर उचलायला माणसं आणि गाडी सकाळी सातशिवाय मिळणार नव्हती. अख्खं सांबर हाती लागण्याची ही संधी पुन्हा यायची नाही, प्राध्यापक म्हणाले. हाडं हवीत, मांसाचे नमुने हवेत, पोटात काय होतं तेही हवं. तेव्हा नंदाने पाक ओस्मानला घेऊन जावं आणि सकाळपर्यंत ते जपावं. ते स्वतः एका परिषदेसाठी बाहेर होते, पहाटेच्या विमानाने येणार होते.

नंदाने उज्ज्वलला फोन केला. तो नुकताच एका मीटिंगमधून उठून दुसरीत बसत होता. रात्री यायला जमणार नाही म्हटल्यावर जाईच्या गृहपाठाची वही कुठे आहे एवढंच त्याने विचारलं. मग तिने घरी फोन केला, तेव्हा दहा वर्षांची जाई सिंगापुरी ढंगात म्हणाली, “नेव्हर माइंड लाह मम्मी, पापा मॅगी करेल.”

ती दोघं ओढ्यावर पोचली तेव्हा सहा वाजत आले होते. मादी कुशीवर पडली होती, पोट तंबोऱ्यासारखं फुगायला लागलेलं. दोन घोरपडी आधीच येऊन थांबल्या होत्या, एकेक पुरुषभर लांब. पाक ओस्मानने काठी आपटली तशा त्या चार पावलं मागे सरकल्या आणि तिथेच बसल्या.

“असंच ठेवलं तर सकाळी घाण होणार, डॉक्टर,” तो म्हणाला. “उकाडा आतून मारतो. कुत्री नंतर.”

त्याचं इंग्रजी असंच तुटक होतं, पण तो नेमकं कामाचं बोलायचा. तरुणपणी तो पलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या रानात शिकाऱ्यांबरोबर ओझी वाहायला जाई. शिकार झाली की मांस गावात नेईपर्यंतची रात्र त्यानेच राखायची, असा तिथे रिवाज होता. शिकारी झोपत, हमाल जागत. हे मांस त्याला हलाल नव्हतं, त्याच्या पोटात ते जाणार नव्हतं. पण राखायचं कसं ते त्याचे हात विसरले नव्हते.

नंदाने हातमोजे चढवले आणि पोट उघडलं. वाफ तोंडावर आली. कोथळा तिने सगळा बाहेर घेतला, जठर बांधून झाकणाच्या बादलीत ठेवलं. आतडी पाक ओस्मानने गोणपाटात भरून वाऱ्याच्या खालच्या अंगाला शंभरेक पावलांवर नेऊन टाकली. ज्याला यायचं त्याने तिकडे जावं, हा हिशेब. घोरपडी त्याच्यामागून आज्ञाधारकपणे गेल्या. मग दोघांनी कातडं सोललं. अख्खं धूड दोघांना उचललं जाणं शक्यच नव्हतं. नंदाने सांध्यासांध्यांतून पाय सोडवले, एकाही हाडाला सुरी लागू दिली नाही. गेल्या सात वर्षांत उंदीर आणि वटवाघळांपलीकडे तिच्या सुरीखाली काही आलं नव्हतं. हात मात्र चुकले नाहीत. खुब्याचा सांधा ‘टक्’ करून सुटला तेव्हा तिला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच पाठ दुखत असल्याचंही लक्षात आलं.

पाक ओस्मानच्या बायकोने अशा कामांसाठी जुन्या चादरींच्या खोळी पूर्वीच शिवून दिल्या होत्या. वारा लागेल आणि माशी बसणार नाही अशा त्या खोळींत चारही पाय घातले आणि दोन झाडांमध्ये दोर बांधून डोक्यावर टांगले. छातीचा पिंजरा जड, तो जेमतेम कमरेएवढा वर गेला. त्याच्याखाली त्यांनी ताडपत्री पसरली आणि तिथेच बसायचं ठरवलं. राखीव जंगलात जाळ करता येत नव्हता. पाक ओस्मानने मच्छर अगरबत्त्या लावल्या, माणसाच्या वासाने जनावरं बिचकावीत म्हणून घामाने भिजलेला आपला शर्ट काढून दोराला अडकवला आणि मायलो पेयाच्या रिकाम्या डब्यांत खडे घालून ते गुडघाभर उंचीवर सुतळीने भोवती बांधले. नंदाने घरून आणलेल्या पोळ्या दोघांनी वाटून खाल्ल्या. साबणाने तीनदा धुऊनही हाताचा वास गेला नव्हता, म्हणून तिने पोळी कागदात धरून खाल्ली.

रात्री दोन-दोन तासांच्या पाळ्या ठरल्या. पहिल्या पाळीत एक उदमांजर आलं, डब्यांना न शिवता खालून सरपटलं आणि टॉर्च पडताच पळालं. मुंगळे दोरावरून चढू लागले, तेव्हा पाक ओस्मानने दोराच्या दोन्ही टोकांना रॉकेलात भिजवलेली चिंधी गुंडाळली. कुठला तरी रातवा पक्षी ठोके दिल्यासारखा टोक-टोक करत होता, आणि त्यामागे, अगदी जवळ, एक्स्प्रेसवेवरच्या गाड्यांची घरघर. सिंगापुरात कितीही आत गेलं तरी ती घरघर ऐकू येतेच.

दुसऱ्या पाळीत नंदा एकटी जागी होती तेव्हा तिला आजोबा आठवले. तिने त्यांना पाहिलेलं नव्हतं, पण त्यांची गोष्ट घरात शंभरदा सांगितली जाई. गावात ढोर मेलं की ओढायचं काम त्यांच्या वस्तीकडे. मोबदला म्हणून तेच मांस. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आजोबा परतले, आणि पाटलाचा बैल मेला तेव्हा त्यांनी येणार नाही म्हणून निरोप धाडला. बैल तीन दिवस गोठ्यात पडून राहिला. वस्तीचं पाणी तोडलं, मजुरी बंद झाली. आजोबा बधले नाहीत. बाबूराव दर चौदा ऑक्टोबरला ही गोष्ट सांगत आणि शेवटी म्हणत की त्या दिवशी आपल्या घराने सुरी खाली ठेवली.

आणि नात सातासमुद्रापार येऊन, अंधारात, मेलेल्या जनावराशेजारी सुरी मांडीवर घेऊन कुत्र्यांची वाट बघत बसली होती. तिला हसू येईना की रडू येईना. हे विज्ञान आहे, तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. पण पाय सुजले होते, डासांनी मानेची चाळण केली होती, आणि इतक्या दमलेल्या अवस्थेत खरी गोष्टसुद्धा धड पटत नाही.

चारच्या पुढची पाळीही तिचीच होती. झाडाला टेकू नकोस, पाक ओस्मानने झोपण्याआधी बजावलं होतं. ती टेकली.

डबे खणखणले तेव्हा दोराखाली पाच-सहा भटकी कुत्री होती. एकाने उडी मारून मागच्या डाव्या पायाची खोळ दातांत धरली होती आणि दोर त्याच्या वजनाने वाकला होता. नंदा ओरडली, टॉर्च हातातून पडला. पाक ओस्मान उठून काठी घेऊन धावेपर्यंत खोळ फाटली, पाय खाली आला आणि ती टोळी तो ओढत ओढ्यापलीकडे नाहीशी झाली. बाकीचे तीन पाय आणि पिंजरा वाचला.

पाक ओस्मानने दोर पुन्हा ताणून बांधला आणि उजाडेपर्यंत दोघं उभीच राहिली. उजेड झाल्यावर त्यांनी पलीकडचं रान पालथं घातलं. खूर आणि नळी मिळाली, मांडीचं हाड दोन्ही टोकांना चावून चघळलेलं.

सात वाजता माणसं आली, त्यांच्याबरोबर विमानतळावरून थेट आलेले प्राध्यापक. ते खूश होते. मांसाला वास नाही, सांधे स्वच्छ, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी ते हाड पाहिलं आणि विचारलं, तेव्हा पाळी कोणाची होती?

“माझी,” पाक ओस्मान म्हणाला.

नंदाने ते खोडलं नाही. कराराचा महिना होता. प्राध्यापकांनी मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि ते गाडीकडे वळले. नंदा पाक ओस्मानकडे बघत होती; तो डब्यांची सुतळी सोडवत होता.

घरी जाऊन तिने तीनदा अंघोळ केली. जाई दारातूनच नाक धरून म्हणाली, “स्टिल स्मेल लाह.” नंदा संध्याकाळपर्यंत झोपली आणि उठली तेव्हा पहिल्यांदा पाक ओस्मानचा ‘माझी’ हा एक शब्दच आठवला.

सोमवारी ती प्राध्यापकांच्या खोलीत गेली आणि पाळी आपली होती, आपल्याला झोप लागली, असं तिने सांगितलं. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती. प्राध्यापकांनी चष्मा वर करून विचारलं, कुठली पाळी? मग त्यांना आठवलं, आणि ते म्हणाले की अच्छा, चालायचंच. करारावर त्यांची सही गेल्या आठवड्यातच झाली होती, कागद ऑफिसात पडून होता. पाक ओस्मानला तिने हे जेवणाच्या सुट्टीत सांगितलं तेव्हा तो थोडा रागावला. एक वर्षाने तो निवृत्तच होणार होता, त्याला काय फरक पडत होता?

वडिलांना मात्र तिने आदल्या दिवशीच, रविवारच्या फोनवर, सगळं सांगायला घेतलं होतं. का, ते तिलाही कळलं नव्हतं. सोलण्यापर्यंत ती आली आणि बाबूरावांनी तिला थांबवलं. “यासाठी शिकवलं का तुला?” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी असा फोन कधी ठेवला नव्हता.

पुढच्या रविवारी ती फोन करू की नको अशी घुटमळत असतानाच गावाकडून फोन आला. त्यांनी जाईची चौकशी केली, पावसाचं सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मग विचारलं, “त्या सांबराचं काय झालं?”

तिने सांगितलं. हाडं उकळून साफ करायचं काम तिच्याकडेच आलं होतं, पोटात कुठल्या झाडाची पानं निघाली तेही ती सांगू लागली. कुत्र्यांबद्दल आणि आपला डोळा लागल्याबद्दलही सांगितलं. बाबूराव ऐकत होते.

“मीपण बसायचो,” ते म्हणाले. “सात वर्षांचा होतो. रात्री ढोर ओढून आणलं की सकाळपर्यंत कुत्री हाकायला तुझे आजोबा मला बसवायचे. दगडांचा ढीग द्यायचे बाजूला.”

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. गोष्ट नेहमी पाटलाच्या बैलापासून सुरू व्हायची. नंदाने विचारलं, झोप यायची का?

“पहाटे यायचीच, बाई,” ते म्हणाले. “मार खायचो.”

मग बाबूरावांनी विचारलं की साफ केलेली हाडं कशात ठेवतात. कपाटात, खणांत, चिठ्ठ्या लावून, ती म्हणाली. चिठ्ठीवर काय लिहितात? जनावराचं नाव, ठिकाण, तारीख, कोणी आणलं त्याचं नाव; यावर माझं आणि पाक ओस्मानचं. बाबूराव हं म्हणाले. आतून जाईने हाक मारली, तिला शाळेच्या गणवेशाचा पिनाफोर इस्त्री करून हवा होता, आणि नंदा फोन खांद्याशी धरून इस्त्री तापत ठेवायला उठली.