मामांचे घट्ट मोजे

मामांच्या पायाची जखम दुसऱ्यांदा उघडली ती माझ्यामुळे. त्याबद्दल डॉक्टर रागावले ते मात्र मामांना. मामांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि मी शेजारी उभा राहून गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी मामांविषयी प्रेमाने जे काही लिहीन, ते वाचताना एवढं ध्यानात असलेलं बरं.

वडनेर भोलजीत त्यांना सगळे आचारीमामा म्हणत. घरची थोडी भाजीपाल्याची शेती होती, पण माणूस ओळखला जायचा तो भट्टीवरून. पंचक्रोशीत लग्न असो, तेरवी असो, भंडारा असो, वांग्याची भाजी आणि बुंदी मामांच्याच हातची. या माणसाला बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. पहाटे भट्टी पेटली की शेवटची पंगत उठेपर्यंत ते उभे असायचे. जेवायचेसुद्धा मांडवाच्या खांबाला टेकून, हातात ताट धरून. दुसरं कोणी मात्र उभं दिसलं की लगेच म्हणायचे, "बस बाप्पा, बस. उभ्यानं खाल्लेलं पायात जाते."

"मंग तुमचं कुठी जाते?" मामी विचारायच्या.

"माहे पाय मोठे हायेत. मावते."

मी शाळेसाठी त्यांच्याकडे राहिलो. आमचं गाव मोताळ्याकडे, तिथे सातवीच्या पुढे शाळा नव्हती. आमच्या वऱ्हाडात भाचा म्हणजे पूज्य. भाच्याने मामाच्या पाया पडायचं नसतं, मामाच भाच्याच्या पाया पडतो. दिवाळीची सुट्टी संपवून मी वडनेरला परतलो की मामा भर रस्त्यात वाकून माझ्या धुळीने भरलेल्या पायांना हात लावायचे. बरोबरची पोरं हसायची, मी लाजून अर्धा व्हायचो. दहावी पास झालो तेव्हा आनंदाच्या भरात मीच त्यांच्या पायाकडे वाकलो, तर ते असे मागे उडाले की मठ्ठ्याच्या गंजात, त्या मोठ्या पातेल्यात, बसायचेच राहिले. "नरकात धाडतं का रे मले, भाचेबुवा?" म्हणाले. मग चूक फिटावी म्हणून त्यांनी माझ्या पायांना दोनदा हात लावला.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिच्यातूनच झाला. भट्टीवरची फडकी, गाळणी, पंचे ते स्वतः धुवायचे. गंजात आधण ठेवायचं, धुण्याचा सोडा टाकायचा, कापडं त्यात बुडवून लाकडाने ढवळायची, करकचून पिळायची आणि छपराच्या टिनावर पसरायची. वाळून पापडासारखी कडक झाली की मगच खाली. "ज्या कापडाले आधन सोसत नाई, ते माह्या कामाचं नाई," असं ते म्हणायचे. शाळेच्या दिवसांत टिनावरून ती कापडं काढून आणायचं काम माझं असे. स्वच्छ म्हणजे काय हे मी तिथे शिकलो, आणि ते शिकणं चुकीचं आहे असं मला आजही म्हणवत नाही.

उभं राहण्याचं पुढे जे व्हायचं ते झालं. पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, घोट्याजवळची कातडी काळी पडली आणि मग तिथे जखम झाली. मामा तिच्यावर फडकं गुंडाळून भट्टीवर उभे राहत राहिले. मामींनी फोन केला तेव्हा मी जाऊन त्यांना खामगावला माझ्या घरी आणलं. इथे माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. डॉक्टर म्हणाले, शिरांमधलं रक्त वर चढत नाही, खालीच साचतं. घट्ट पट्ट्या बांधून, पाय उंच ठेवून कितीतरी महिन्यांनी जखम भरली. मग डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतच्या घट्ट मोज्यांचे दोन जोड दिले.

"आता हे मोजे म्हणजेच औषध," ते म्हणाले. "सकाळी पाय पलंगाखाली सोडायच्या आधी चढवायचे. मोजे सुटले की जखम पुन्हा उघडलीच समजा."

मामांनी एकच विचारलं. "मार्गशीर्षात माह्या नातीचं लग्न हाय. भट्टीवर उभं राहता येईन ना?"

नात म्हणजे माझी मुलगी, चिंगी. ती लहान असताना मामांनी तिला शब्द दिला होता, की तुझ्या लग्नाची बुंदी मी पाडीन. डॉक्टर हसले. मोजे नीट वापरले तर बुंदीपुरतं उभं राहता येईल, म्हणाले. त्या दिवसापासून मामा त्या मोज्यांकडे देवाच्या वस्तूसारखे बघू लागले.

मोजे चढवणं सोपं नव्हतं. मामांना वाकता येत नसे. मामी पलंगाशी बसून दोन्ही हातांनी ओढायच्या, त्यांची मनगटं दुखायची, मोजा टाचेवर अडायचा. "बैलाले वेसण घालनं सोपं," त्या धापा टाकत म्हणायच्या. मी दारात उभा असायचो. पुढे झालो की मामा पाय मागे घ्यायचे. "तू नाई. तू भाचा हायेस." मग मी पुन्हा दारात. सत्तरी ओलांडलेली बाई घामाघूम होतेय आणि मी धडधाकट माणूस नुसता बघतोय, असं रोज सकाळी चालायचं.

म्हणून मोजे धुण्याचं काम मी मागून घेतलं. पायाला नाही तर नाही, निदान पायातल्या वस्तूला तरी हात लागू द्या. मामींची मनगटं फारच सुजली तेव्हा मामांनी नाइलाजाने मान हलवली. मामी ते मोजे थंड पाण्यात चमचाभर शांपू घालून हलक्या हाताने धुवायच्या, पिळायच्या नाहीत, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायच्या आणि सावलीत आडवे पसरायच्या. दवाखान्यातल्या सिस्टरने त्यांना तसं बजावलं होतं. ती सांगत होती तेव्हा मी बाहेर एका गिऱ्हाइकाशी पाण्याच्या मोटारीबद्दल फोनवर बोलत होतो. मला वाटलं, मामींच्या हातात जोर नाही म्हणून त्या असं वरवर धुतात. जखमेवरच्या कापडाला अशाने मलमाचा वास जाईल का?

मी मामांच्या पद्धतीने धुतले. दुपारी त्यांचा डोळा लागला की मागच्या अंगणात आधण ठेवायचो, सोडा टाकायचो, मोजे ढवळून करकचून पिळायचो आणि न्हाणीच्या टिनावर टाकायचो. आमच्याकडचं वैशाखातलं टिन म्हणजे तवाच. महिनाभर मी हे मनापासून केलं. बोटं भाजायची, त्याचंही बरं वाटायचं.

एका सकाळी मामांनी मामींना थांबवलं आणि काठीच्या टोकाने मोजा ओढून स्वतःच चढवला. सहज चढला. घरात सगळ्यांना आनंद झाला. मामांनी मोज्याची वरची कड बोटांत धरून ताणली, जरा वेळ तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बरे धुतले, भाचेबुवा. मऊ झाले."

मी खूश होऊन दुकानात गेलो.

मामा-मामी वडनेरला परतले. उन्हाळा संपता संपता मामींचा फोन आला, की संध्याकाळी घोटा फुगून राह्यला, कातडी ओली झाली. दवाखान्यात मोजा काढला तर खाली जखम तोंड वासून होती. डॉक्टरांनी मोज्याची कड ताणून सोडली. ती परत आलीच नाही, तशीच लोंबत राहिली.

"यात जीवच राहिला नाही. गरम पाण्यात टाकले होते? उन्हात वाळवले?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात मामा म्हणाले, "म्याच. आमची कापडं धुवायची तेच रीत हाय."

डॉक्टर रागावले. एवढं समजावून सांगितलं होतं, या मोज्यांना उष्णता चालत नाही, आतलं रबर मरतं, मग ते घातले काय आणि न घातले काय सारखंच, तुम्ही लोक ऐकतच नाही. मामा "हो, हो" म्हणत राहिले. ते बोलणं थांबेपर्यंत किती तरी वेळ होता. "मी धुतले" एवढेच दोन शब्द सांगायचे होते. मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. बाहेर आल्यावर "मामा" म्हटलं, तर ते म्हणाले, "रस पितं का उसाचा? ऊन लय हाय." आणि मी रस प्यालो.

पुढचं मला मामींनी सांगितलं. मोजे सैल झालेत हे मामांना त्याच सकाळी कळलं होतं. दुसरा जोडही तसाच होता. "मी म्हटलं, सांगून द्या त्याले, नवे आनू. तर म्हने, पोरगं आधनात हात घालून धुते माह्या पायातलं, त्याले नाव ठेवू काय? नवे आनले तर त्याले समजनच ना." भाच्याच्या सेवेत खोट काढायची नाही, एवढ्यासाठी हा माणूस ते मेलेले मोजे रोज सकाळी पायात घालत राहिला. लग्नापर्यंत पाय कसाबसा निभावेल, असं त्यांना वाटलं असावं.

पाय निभावला नाही. मार्गशीर्षात मांडव उभा राहिला तेव्हा जखम अजून ओली होती. भट्टीवर दुसरा आचारी होता. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, पट्टी बांधलेला पाय समोर तांदळाच्या पोत्यावर. मला तिकडे बघवत नव्हतं. अंगाला हळद लागलेली चिंगी आली आणि तिने आचाऱ्याकडून झारा घेऊन मामांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, अंगठ्याने छिद्रं चाचपली आणि परत केला. "हे काम बसून होत नाई, बाई," म्हणाले.

गावाकडची माणसं येता-जाता थट्टा करत होती. "काऊन आचारीमामा, आज खुर्चीत? जमीन दुखली काय उभं राहून राहून?"

"भाच्याच्या घरचं कार्य हाय," मामा म्हणायचे. "आज मले बसून खाऊ द्या."

बुंदी बरी झाली होती. मामांनी द्रोणातले चार दाणे तोंडात टाकले आणि आचाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने "झकास" म्हणाले. मग द्रोण हळूच खुर्चीखाली ठेवला.

संक्रांतीनंतर जखम पुन्हा मिटली. भट्टी आता विसरा, डॉक्टर म्हणाले. मोज्यांचे नवे जोड घेताना मी फोन बंद करून सिस्टरसमोर उभा राहिलो. थंड पाणी, साधा साबण, पिळायचं नाही, ऊन नाही, इस्त्री नाही, एक जोड पायात आणि एक सावलीत. तेल-मलम लावायचं ते रात्री, मोजा काढल्यावर. नखाने ओढायचं नाही, आणि खरखरीत हाताने धागे निघतात म्हणून रबरी हातमोजे घालून चढवायचे. दुकानातल्या तांब्याच्या तारेने माझी बोटं किसणीसारखी झाली आहेत. ती शेवटची सूचना जणू मलाच होती. मामा-मामींना मी पुन्हा घरी घेऊन आलो. मोजे आता मीच धुतो. पण मोजे नीट धुऊन भट्टी परत मिळत नाही.

पहिल्या सकाळी मामींनी मोजा टाचेपर्यंत आणला आणि हात टेकले. नवा मोजा, लोखंडासारखा. मी भांडी घासायचे रबरी हातमोजे चढवून पलंगाशी बसलो. मामांनी पाय मागे घेतला.

"तू नाई."

"अवो, राहू द्या आता," मामी म्हणाल्या. "त्याच्या हाताले रबर हाय. पाप लागन तं रबराले लागन."

मामा हसले. खूप दिवसांनी हसले. मग जरा वेळाने पाय पुढे आला.

मोजा उलटा करून टाच बसवली, बोटं बसवली, मग तळव्याने सरकवत, सुरकुत्या काढत थोडा थोडा वर नेला. मेलेले मोजे किती सहज चढत होते ते आठवलं. गुडघ्याखाली कड नीट बसली तेव्हा माझा सदरा घामाने चिकटला होता. मामी चहा टाकायला आत गेल्या.

मी हातमोजे काढून बाजूला ठेवले आणि दोन्ही उघडे हात मामांच्या पावलांवर ठेवले. मला वाटलं, आता पाय ओढून घेतील. त्यांनी मान खिडकीकडे वळवली, पण पाय तिथेच राहू दिला.

"मामा," मी म्हटलं, "मोजे मी खराब केले, आणि डॉक्टरांसमोर गप्प बसलो. माझं चुकलं."