पाळकांच्या सभेत मी विचारलेला प्रश्न

मंडळी, अलीगंजच्या सायबर कॅफेतून लिहितोय. घरी गेलो तर लिहिणं होणार नाही.

आज इथल्या सगळ्या चर्चच्या पाळकांची महिन्याची सभा होती. आधी उपासना, मग प्रत्येकाने आपल्या चर्चच्या अडचणी सांगायच्या. मी सभेचा चिटणीस, म्हणून वहीत टिपून घेत होतो: दफनभूमीची पडकी भिंत, कुणाची गेलेली नोकरी.

बख्शी का तालाब इथल्या चर्चचे म्हातारे पादरीसाहेब उठले. म्हणाले, "एक आदमी के लिए दुआ कीजिए. दो साल से उससे प्रार्थना नहीं होती."

मी मान वर न करताच विचारलं, "किस चर्च का है?"

"मैं ही हूँ, भैया."

दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली. दफनविधी आम्हीच केला होता. आणि तेव्हापासून प्रत्येक सभेची शेवटची प्रार्थना आम्ही त्यांच्याच तोंडून करवून घेत आलो, कारण त्यांच्याइतकी सुंदर कुणाला जमत नाही.

आज ती मी केली. अडखळत, जेमतेम दोन वाक्यं. पादरीसाहेबांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

वहीत त्यांच्या नावापुढे 'कोणत्या चर्चसाठी' हा रकाना कोराच आहे. 'स्वतःसाठी' असा रकाना आम्ही कधी आखलाच नव्हता. तुमच्याकडे आहे का?