रुख्माबाईंनी पाहिलेली दोन स्थळं

रुख्माबाई जांभळं लुगडं नेसून, पानाची चंची कमरेला खोचून बाहेर पडल्या की तांडापेठेतल्या विणकरांच्या बायका दारात येऊन उभ्या राहत. आज कुणाच्या पोरीचं जमणार, याची चौकशी सुरू होई. अर्ध्या गल्लीचे संसार रुख्माबाईंनीच मांडून दिले होते, आणि त्या उरलेल्या अर्ध्या गल्लीवर नजर ठेवून होत्या.

एक्याऐंशी सालच्या पावसाळ्यात मात्र गल्लीतल्या मारोतरावांनी त्यांना भलत्याच कामाला बोलावलं. मारोतरावांची चंद्रकला बारावी पास झाली होती आणि दोन कॉलेजांत तिचं नाव लागलं होतं. एक सक्करदऱ्याकडचं मुलींचं, जिथं स्वयंपाक, शिवण आणि घर चालवण्याचं शास्त्र शिकवत. दुसरं गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, ढोरांच्या डॉक्टरीचं. तिथं पोरी औषधालाही सापडत नव्हत्या. सुट्टीभर पारशिवनीला मामाच्या गोठ्यात रमणारी ही पोरगी बापानं विचारलं की खाली मान घालून 'तुम्ही म्हणाल ते' एवढंच म्हणे. सोमवारी कुठं तरी नाव पक्कं करायचं होतं.

"मावशी, मले मागाशिवाय काही समजत नाही," मारोतराव म्हणाले. "माह्यामुळं पोरीच्या जिंदगीचं वाटोळं नको व्हायले."

"एवढंच ना गा? दोन्ही स्थळं पाहून येऊ."

मुलींच्या कॉलेजात रुख्माबाईंनी रीतीप्रमाणे आधी पाण्याचा माठ पाहिला, मग मागचं अंगण. सगळं कसं चकचकीत. तिथल्या बाईंनी सरबत दिलं. चंद्रकला ओढणी सावरून, गुडघे जुळवून बसली होती.

"काही विचारायचंय का?" बाईंनी प्रेमानं विचारलं.

"नाही."

रुख्माबाईंना स्थळ आवडलं होतं, खोटं कशाला बोला!

दुसऱ्या कॉलेजात वेगळाच गोंधळ झाला. फाटकावरच्या चपराशाच्या बहिणीचं लग्न रुख्माबाईंनीच जमवलेलं. जांभळं लुगडं आणि सोबत लाजरी पोरगी पाहून त्यानं आत वर्दी दिली की रुख्माबाई मुलगा पाहायला आल्या. कॉलेजात बिनलग्नाचे मास्तर एकच, रुपराव. ते बिचारे भांग पाडून, चहा घेऊन हजर झाले.

"मावशी, कोणासाठी आलात?" रुपरावांनी लाजत विचारलं.

"कॉलेजासाठी," रुख्माबाई म्हणाल्या आणि तोवर चहा संपवूनही मोकळ्या झाल्या.

एवढ्यात चंद्रकला दिसेना. शोधत गेल्या तर ती मागच्या गोठ्यात. ओढणी कमरेला आवळलेली, दोन्ही हातांनी एका शेळीची मान धरलेली, आणि तिच्या पायाला पट्टी बांधणाऱ्या पोराला प्रश्नांवर प्रश्न. "याच पायाले सूज काहून आली? खुरात काही रुतलं काय? पट्टी उद्या कोण बदलते?" पोरगं गांगरलं. शेवटी रुपराव भांग विसरून खाली बसले आणि उत्तरं देऊ लागले.

"चाल वं चंद्रे, उशीर होऊन राहिला."

"थांबा ना आजी, अजून विचारायचं हाय मले!"

एवढा आवाज या पोरीत होता? लहानपणापासून पाहिलेली ही पोर, आणि आपण तो कधी ऐकलाच नव्हता. रुख्माबाई तिथंच कडब्याच्या पेंढीवर बसल्या.

घरी मारोतराव माग थांबवून दारातच उभे होते. सगळे बाप विचारतात तेच सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं.

"पोरगी पसंत हाय ना त्यायले?"

'पोरगी पसंत हाय' हा निरोप रुख्माबाईंनी जन्मभर कितीतरी दारांत पोचवला होता. आज त्यांनी चंची उघडली, सावकाश पान लावलं.

"पोरगी नाही गा मारोती. पोरीले. पोरीले पसंत हाय."

"कोणतं?"

"ढोराइचं."

मारोतराव घुटमळले. मग पोरीकडं वळले. "काहून वं?"

चंद्रकलेनं मान खाली घातली नाही. शेळीच्या खुरापासून सुरुवात करून ती बोलत सुटली. आई चुलीवरचं सोडून ऐकायला आली. पोरीची ओढणी अजून कमरेलाच होती आणि अंगाला गोठ्याचा वास येत होता. मारोतरावांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

"मग उभी काय हाय?" ते बायकोला म्हणाले. "जमलं ना पोरीचं. साखर वाट!"