मशीनची वेळ

यंत्रांवर माझा फारसा भरवसा नाही, हे आमच्या गावात कुणालाही विचारा, सांगेल. आणि माझं पोट यंत्रांवरच चालतं. आयटीआय करून पंधरा वर्षं हिंजवडीच्या बाजूला एका कारखान्यात सर्किट बोर्ड तपासले, मग मुळशीतल्या आमच्या गावी परत येऊन चौकात दुरुस्तीचं दुकान टाकलं. मिक्सर, मोबाइल, इन्व्हर्टर, कॅमेरे, जे येईल ते. गाव मला 'इंजिनेर' म्हणतं. त्यात निम्मा मान आणि निम्मी टिंगल.

नवी वस्तू घेण्याआधी लोक मला विचारायला येत आणि मी बहुतेकांना परत पाठवी. बॅटरी बदलता येत नाही असा फोन कशाला घेता? दिवा लावायला इंटरनेट लागतं, मग बटणानं काय घोडं मारलं होतं? महाळुंग्याच्या नव्या इमारतींत बोटाच्या ठशानं उघडणारी कुलपं बसवायला मी जातो. एकदा एका बाईंची बोटं मेथी निवडून हिरवी झालेली. दार काही त्यांना ओळखेना. पाऊण तास त्या स्वतःच्याच दाराबाहेर पिशवी घेऊन उभ्या. अशा गोष्टी मी दुकानात रंगवून सांगायचो. लोक हसायचे. मला ते आवडायचं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

सगळ्यात गाजला तो दुधीचा किस्सा. आमच्या सरपंचांनी नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ आणलं होतं आणि चौकात ते मनगट पुढं करून बसत. एका सकाळी मी त्यांच्याकडून ते मागून घेतलं आणि शेजारच्या भाजीच्या पाटीतल्या एका दुधी भोपळ्याला बांधलं. थोडा वेळ घड्याळ गप्प राहिलं, मग त्यावर आकडा आला, बहात्तर.

"आयला! दुधी जित्ता हाय की!" गर्दीतून तात्या ओरडले. "सरपंच, दुधीचं नाव मतदारयादीत घाला लगुलग!"

चौक हसला. सरपंचही हसले, पण घड्याळ परत घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हे तात्या म्हणजे आमच्या गावचा पाणी सोडणारा माणूस. बुद्धविहारामागच्या आळीत राहायचे. वीस वर्षं धरणाच्या पाण्याकाठच्या पंपघरात मोटर चालू करायची आणि लांब दांड्याच्या लोखंडी चावीनं एकेका आळीचा व्हॉल्व्ह फिरवायचा, हे त्यांचं काम. कुठल्या आळीला किती आटे द्यायचे, हे कागदावर कुठंच नव्हतं. ते त्यांच्या हातात होतं.

निवडणुकीच्या आधी गावात कॅमेरे आले. 'चोवीस तास निगराणी' असा फलक लागला. कॅमेरे चार आणि फलकावर फोटो अकरा. बसवले मीच. वीज गेली तर रेकॉर्डरचा डबा चालू राहावा म्हणून वेगळी बॅटरी लागते, असं मी लेखी दिलं होतं. "फुडच्या टप्प्यात बघू," असं उत्तर आलं. पुढचा टप्पाही मलाच मिळणार होता, म्हणून मी तो विषय पुन्हा काढला नाही.

रेकॉर्डरच्या आत शर्टाच्या गुंडीएवढा एक सेल असतो. वीज गेली तरी त्याच्यावर आतलं घड्याळ चालत राहतं. आमच्या डब्यातला तो सेल दिवाळीच्या सुमारास मेला. मग वीज गेली की घड्याळ थांबायचं आणि वीज आली की जिथं थांबलं तिथूनच पुढं निघायचं, मधे काही घडलंच नाही अशा थाटात. आणि आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पोरासोरांनाही ठाऊक. सकाळी दहाला जाते, दुपारी तीनला येते. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी डब्याचं घड्याळ पाच तास मागं. शुक्रवारी सकाळी मी पंचायतीत जाऊन वेळ पुढं करायचो. सेल बदलणं पाच मिनिटांचं काम होतं. पण डबा खाली उतरवा, उघडा, पुन्हा चढवा, याचा कंटाळा. देखभालीच्या तक्त्यात मात्र दर महिन्याला 'घड्याळ तपासले, बरोबर' असं लिहून मी सही करत होतो.

होळीच्या आधीच्या एका गुरुवारी पंपघराची तांब्याची केबल चोरीला गेली. कापली ती वीज नसतानाच, कारण चालू केबलला हात लावायला कोण धजेल? तात्या गुरुवारी दुपारी घरी असत. मोटरच चालायची नाही, तर बसून करायचं काय? तीनला वीज आली तसे ते गेले, स्टार्टर दाबला, मोटर हलेना. खाली पाहिलं तर केबल गायब. त्यांनीच सरपंचांना फोन केला. सरपंच येऊन पाहून गेले. तात्या वायरमनची वाट बघत तिथंच थांबले. तो आला नाही, तेव्हा साडेपाचच्या पुढं बांधावरचं गवत कापून पोत्यात भरलं आणि घरी निघाले. वाटेत चौकातल्या कॅमेऱ्यानं त्यांना टिपलं.

शुक्रवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पंचायतीत गेलो. पडद्याच्या कोपऱ्यात पहाटेचे पाच वीस वाजले होते आणि चित्रात चौकात लख्ख ऊन होतं. मी वेळ पुढं केली, दहा वीस. चोरीचं तोवर माझ्या कानावरही नव्हतं. दोन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की ती सवय होती, लबाडी नव्हती. आणि सवयच होती ती. त्यापुढचं मात्र सवयीनं झालं नाही.

थोड्याच वेळात सरपंच आणि ग्रामसेवक आले आणि म्हणाले, काल दुपारचं काढ. मी काढलं. बारा चाळीसला तात्या खांद्यावर पोतं घेऊन पंपघराच्या वाटेनं येताना दिसले. त्यांची सावली लांबत पार समोरच्या देवळाच्या पायरीपर्यंत गेलेली. भर बाराच्या उन्हात माणसाची सावली पायाखाली असते. मला ते तेव्हाच दिसलं, कुणीही न दाखवता. हे बारा चाळीस नाहीत, पाच चाळीस आहेत, हे मला त्याच क्षणी कळलं.

मी बोललो नाही. तक्त्यावरच्या सह्या डोळ्यांपुढं आल्या. दुधी आठवला. दुसऱ्याच्या घड्याळाला हसणाऱ्याचं स्वतःचं घड्याळ पाच तास मागं, हे चौकात किती दिवस चाललं असतं याचा हिशेब मी मनात घातला. एका माणसाची वीस वर्षं दुसऱ्या बाजूला होती, तिकडं लक्षच दिलं नाही.

दुपारी तात्यांना बोलावलं. पंचायतीच्या मोठ्या टीव्हीवर ते चालताना दाखवलं, थांबवलं, पुन्हा दाखवलं.

"मी साडेपाचच्या फुडं निगालो," तात्या म्हणाले. "पोत्यात गवात हाय. म्हशीला इचारा."

कुणी हसलं नाही. "क्यामेरा खोटं बोलत न्हाई, तात्या," सरपंच म्हणाले. मागून कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "त्या आळीकडनं आजून काय व्हनार." हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत.

मग तात्या माझ्याकडे वळले. "इंजिनेर, तू सांग की. तूच म्हनतोस ना, मशीन फेका मारतंय म्हनून? ही येळ खरी हाय का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "ही मशीनची वेळ आहे."

वाक्य खरं होतं. मी ते तोलूनमापून बोललो होतो. उद्या काही निघालंच तर मी खोटं बोललो असं कुणाला म्हणता येणार नाही, एवढं त्यात पाहिलं होतं. ग्रामसेवकांनी लिहून घेतलं, 'तंत्रज्ञांनी वेळ खरी असल्याचे सांगितले.' मी ते वाचलं आणि खाली सही केली. तात्यांनी व्हॉल्व्हची लांब चावी टेबलावर आडवी ठेवली. ती टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती. "पोलिसात न्हाई देत, गावात मिटवू," असं म्हणून उपकार केल्यासारखं त्यांना घरी पाठवलं.

त्या खोलीत बारा-पंधरा माणसं होती. गुरुवारी दुपारी वीज नव्हती हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. चोरी झालीच त्यामुळं. मग बारा चाळीसला कॅमेरा चालला कसा, हे एकानंही विचारलं नाही. सरपंचांच्या भावकीतला कुणी पडद्यावर असता तर पहिल्या मिनिटाला विचारलं असतं. आम्हाला उत्तर आधीच हवं होतं, यंत्रानं फक्त त्याला आकडा पुरवला. 'आम्हाला' म्हणतोय, कारण त्यात मी आहे.

शनिवारी मी सेल बदलला. केबल कुणी नेली हे आजही ठाऊक नाही. पाणी दुसरा माणूस सोडू लागला आणि वरच्या आळीला कळशीभरही मिळेना. माझं दुकान चालूच होतं. कुणी नवं घड्याळ दाखवायला आणलं की मी "छान आहे" म्हणून मोकळा व्हायचो. बायकोनं एकदा विचारलं, "हल्ली कशाला नावं ठेवत नाही तुम्ही. बरं वाटत नाही का?"

दोन वर्षांनी महाळुंग्याच्या एका सोसायटीत गेटचा कॅमेरा दुरुस्त करायला गेलो. पहारेकऱ्याच्या खोलीत निळ्या गणवेशात तात्या बसले होते. समोर नऊ पडदे.

"नाव, फ्लॅट नंबर, येळ," ते म्हणाले. अनोळखी माणसाला म्हणावं तसं.

मी वहीत लिहायला वाकलो. वेळेच्या रकान्याच्या मधून त्यांनी पट्टीनं रेघ मारून दोन भाग केले होते. एकावर लिहिलं होतं 'घड्याळ', दुसऱ्यावर 'मशीन'. पानामागून पानं, प्रत्येक माणसापुढं दोन्ही वेळा.

"तात्या, ह्ये दोन दोनदा कशाला?"

"आसू दे. कवा कोन काय म्हनंल, सांगता येतंय व्हय?"

काम झालं. हत्यारं भरली. परत खिडकीशी येऊन उभा राहिलो. आणि निघालं तोंडातून. "तात्या, त्या गुरुवारी डब्याचं घड्याळ पाच तास मागं होतं. मला म्हाईत होतं."

ते पडद्याकडेच बघत राहिले. "मलाबी म्हाईत हाय. पोतं माज्याच खांद्यावं होतं की."

मी माफी मागायला लागलो. त्यांनी हात वर केला.

"मला काय सांगतुयास? मी काय गावसभा हाय? जितं बोल्लास तितं जाऊन बोल."

त्यानंतरची पहिली ग्रामसभा मी चुकवली. दुसऱ्या सभेत शेवटच्या रांगेत बसून परत आलो. तिसऱ्या वेळी, सगळं उरकल्यावर ग्रामसेवकांनी "ऐनवेळचे विषय?" असं विचारलं आणि मी उभा राहिलो.

सेल, तक्त्यावरच्या खोट्या सह्या, सावली, सगळं सांगितलं. सरपंच म्हणाले, "इंजिनेर, त्यो इषय मिटलाय."

"मिटला तो माझ्या वाक्यावर मिटला, म्हणून बोलतोय."

बायका बसल्या होत्या तिकडून वरच्या आळीतली एक म्हातारी बोलली. "आरं, गुरवार होता न्हवं? दुपारी लाईट कुटं असती? मंग कॅमेरा काय कंदिलावर चालत व्हता?"

लोक हसले. मग हसू विरलं आणि जो तो खाली बघू लागला.

ग्रामसेवकांनी लिहायला घेतलं, 'तांत्रिक कारणामुळे वेळेत तफावत आढळली.'

"नको," मी म्हणालो. "मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो, असं लिहा."

"कशाला वडून घेतोस अंगावर?" सरपंच आवाज उतरवून म्हणाले. "गावाचंबी नाव जातंय त्यात."

"तात्यांचं गेलं तेव्हा गावाचं नाही गेलं?"

लिहिलं शेवटी. तात्यांना परत घेण्याबद्दल 'पुढील सभेत विचार करण्यात येईल' असं ठरलं. ती सभा होऊन गेली, विचार झालेला नाही. कॅमेऱ्यांची देखभाल आता दुसऱ्याकडे आहे. दुकानात लोक येतात, पण बसत नाहीत.

ठरावाची शिक्क्यासहित नक्कल काढून मी महाळुंग्याला गेलो. खिडकीतून कागद आत दिला. तात्यांनी तो हातात घेतला नाही. शेजारी त्यांचा जोडीदार बसला होता, मराठवाड्यातून आलेला पहारेकरी.

"वाच," तात्या म्हणाले. "मोठ्यानं वाच. ह्येला ऐकू जाऊ दे."

मी वाचलं. एक गाडी गेटपाशी येऊन थांबली, हॉर्न वाजला, तात्यांनी तिला थांबायची खूण केली. मी शेवटपर्यंत वाचलं, खालच्या सहीपर्यंत. मग त्यांनी कागद घेतला, चार घड्या घातल्या, वरच्या खिशात ठेवला आणि गेट उघडलं.

माफ केलं, असं तात्या म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. मी वळलो तेव्हा त्यांनी हाक मारली आणि वही पुढं सरकवली.

"जायाची येळ ऱ्हायली तुजी. घड्याळात बगून लिही."