साळूबाईचा खाली राहिलेला हात

साळूबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. माजघरात नाचणी दळता दळता तिनं ओसरीवरचं भांडण ऐकलं. सासरा आणि चुलत सासरा गावच्या गुराख्यावरून जुंपले होते.

“काढून टाक त्याला,” चुलत सासरा म्हणत होता. “लई माजलाय.”

“माजला म्हंजी काय केलं? वासरू हरवलं? गाय लंगडी केली?”

“मला रामराम करत न्हाई.”

“आरं, गुरं राखायला ठेवलाय का तुला रामराम करायला?”

जात्यामागं साळूबाईला हसू आवरेना. पण गुराखी गेलाच. त्याच्या जागी चुलत सासऱ्याचा मेव्हणा आला. तो दिवसातून तीनदा रामराम करायचा आणि गुरं लोकांच्या नाचणीत चरायची.

पुढं पंचेचाळीस वर्षांनी, वेल्ह्याच्या खोऱ्यातल्या त्याच गावात साळूबाई ग्रामपंचायतीची सदस्य झाली. शिक्षण म्हणाल तर दुसरीचे दोन महिने. सही करायची तर जीभ दातांत धरून, एकेक अक्षर चुलीतल्या लाकडासारखं पुढं सारत. ओढ्यापलीकडच्या वस्तीनं तिला निवडून दिलं ते तिचं तोंड बघून. ते तोंड कुणाला भीत नव्हतं.

सरपंच झाली सुलक्षणा. तिशीची पोर, कामाला वाघीण, पण जिभेला मिरची बांधलेली. भर ग्रामसभेत साळूबाई पाइपलाइनचं विचारायला उठली, तर म्हणाली, “काकू, तुम्हाला यातलं कळत न्हाई, खाली बसा.” सगळं गाव हसलं. साळूबाई खाली बसली खरी, पण ते हसणं कुसळासारखं रुतून बसलं.

म्हणून उपसरपंच आनंदराव अविश्वास ठरावाचा कागद घेऊन आले, तेव्हा तिनं तो वाचूनही घेतला नाही. जीभ दातांत धरली आणि सही ठोकली.

सदस्य सात. सरपंच बाई, म्हणून तिला उतरवायला कायद्यानं तीन चतुर्थांश, म्हणजे सहा हात वर व्हावे लागतात. सातवी सुलक्षणा स्वतः. म्हणजे बाकीचे सहाच्या सहा हवेत, एक जरी फुटला तरी ठराव पडला. अशा वेळी आपल्याकडं सदस्यांना सहलीला नेतात. शेळ्या कोंडाव्यात तशी माणसं कोंडायची, फक्त जेवण झकास. जीप भरली, कापूरहोळच्या ढाब्यावर सगळ्यांना खाऊ-पिऊ घातलं आणि भोरवरून घाट उतरून कोकणात समुद्राकाठच्या लॉजवर नेऊन टाकलं. सगळ्यांचे मोबाईल आनंदरावांनी पिशवीत जमा केले. साळूबाईकडं मोबाईल नव्हता, म्हणून तिच्यापाशी त्यांनी आपली सून सोनिया बसवली. सोनियाही सदस्यच, पण घरची म्हणून तिचा मोबाईल तेवढा तिच्याकडंच राहिला.

घरी भाताचं रोप वीतभर झालेलं, लावणीआधीची चिखलणी तोंडावर आलेली, आणि ही इथं पंख्याखाली. पलंगावर टेकली की उठायची. उठली की दाराशी, दाराशी गेली की परत पलंगाशी. ड्रायव्हरला घटकेघटकेला विचारायची, “कवा निघायचं रं?” समुद्र तिनं पहिल्यांदाच पाहिला. थोडा वेळ बरा वाटला. मग म्हणाली, “ह्यो बी माझ्यासारखाच. नुसता येतोय नि जातोय, एका जागी बसंना.”

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्यानं राहवेना.

“सोनिया, त्या कागदात काय लिवलंय ते वाच की.”

सोनिया भोरच्या कॉलेजात शिकलेली. तिच्या मोबाईलमध्ये कागदाचा फोटो होता. तिनं वाचलं, “मनमानी कारभार करणे. सदस्यांना विश्वासात न घेणे. उद्धट वर्तन.”

“आन् फुडं?”

“संपलं, आजी.”

“संपलं? कुणाचं पाणी तोडलं, कुठलं काम गिळलं, कुणाची खोटी नोंद घातली, त्ये कुठं हाय?”

“तसलं लिवलं की पुरावा मागत्यात,” पलंगावर लोळत आनंदराव म्हणाले.

सोनियाला शिकलेलं आठवलं, तशी ती हौसेनं सांगू लागली. “आजी, राष्ट्रपतींनासुद्धा काढता येतं. महाभियोग म्हणतात त्याला. पण त्याला घटना मोडल्याचाच आरोप लागतो. आजवर कुणाला काढलेलं नाही.”

“का गं? दिल्लीत कुणाला कुणाचा राग येत न्हाई व्हय?”

“येत असेल की. पण रागावर काढता येत नाही.”

“मंग हितं कसं काय येतं?”

आनंदराव उठून बसले. “वहिनी, भर सभंत तिनं तुमचं हसं केलं. इसरला?”

“इसरंन कशी? त्यासाठीच तर आलीया. बरं, तिच्या जागी बसणार कोण? जागा तर बाईची.”

सोनियानं मोबाईलमध्ये डोकं घातलं.

“चिखलणीला पॉवर टिलर माझाच लागतो तुमाला,” आनंदराव हसत म्हणाले. “तेवढं ध्यानात असू द्या.”

त्यानंतर साळूबाईनं व्हरांड्यात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. राग खरा होता, तो खोटा असता तर सोपं गेलं असतं. पण सुलक्षणाच्या दोन वर्षांत वस्तीवर पाण्याची टाकी आली होती, तीही खरीच. आणि टिलर आला नाही तर रोप पिवळं पडणार, हेही तेवढंच खरं.

सभेच्या दिवशी जीप थेट पंचायतीच्या दारात थांबली. तहसीलदार साहेब अध्यक्ष होते. सुलक्षणा ओठ आवळून बसली होती, पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

“ठरावाच्या बाजूनं असतील त्यांनी हात वर करा.”

पाच हात वर गेले. साळूबाईनं उजवा हात पदराखाली डाव्या हातानं धरून ठेवला होता, कारण तो मेला वर जायला बघत होता.

“आजी, तुमचा?”

“माझा हितंच हाय, सायेब.”

“कागदावर सही तर तुमची आहे.”

“सही क्येली तवा वाचलं नव्हतं. आता वाचून घेतलंय.”

ठराव पडला. बाहेर सुलक्षणा पाया पडायला वाकली. “काकू, माझी लाज राखलीत.”

“तुझी कशाला राखू? उद्धट तू हाईसच. त्याचं काय करायचं त्ये लोकं निवडणुकीत बघतील. पर उद्या कुणाचं पाणी तोडलंस, नायतर काम गिळलंस, तर पयला हात माझा. दोन्ही वर करीन.”

टिलर आला नाही. शेजारच्या गेनबाचं रान उरकलं तेव्हा कुठं त्याची बैलं मिळाली. लावणी आठ दिवस मागं पडली आणि त्या साली भात कमीच झालं. आनंदराव रस्त्यात दिसले की मान फिरवायचे. साळूबाई मात्र दर सोमवारी वस्तीची गाऱ्हाणी घेऊन पंचायतीत जाऊ लागली. सुलक्षणा कधी चिडायची, कधी हसायची, पण लिहून घ्यायची.

सदस्यपणाची मुदत संपायची होती त्या आठवड्यातही सोमवार आलाच. साळूबाई काठी टेकत साकवावरून ओढा ओलांडून आली आणि सुलक्षणापुढं बसली.

“वस्तीवरचा व्हॉल्व गळतोय. अंगणवाडीच्या दाराला कडी न्हाई. आन् आनंदरावांच्या दारची गटार तुंबलीया.”

“मग ते का सांगत न्हाईत?”

“त्ये तुझ्याशी बोलत न्हाईत, म्हणून गटारीनं तुंबून बसायचं व्हय? लिही.”

सुलक्षणानं लिहिलं. साळूबाईनं बशीतला चहा संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि शिपायाला पुढं घालून गळका व्हॉल्व दाखवायला निघाली.